क्ष-किरण आणि अणूंची रचना: नागपूरच्या प्रयोगशाळेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएस्सी आणि पीएचडीची मुलं, हिंगणा-बुटीबोरीचे कारखानदार, खाणींतून नमुने घेऊन येणारे भूशास्त्रज्ञ आणि कधीमधी मुलाच्या विज्ञान प्रकल्पासाठी आलेले आईवडील, असे सगळे प्रयोगशाळेच्या दारात जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

एक्स-रे तर हाड मोडलं की काढतात. त्याने अणू कसे कळतात?

दवाखान्यातला एक्स-रे म्हणजे सावली. हाडातलं कॅल्शियम किरण जास्त अडवतं, मांस कमी अडवतं, त्या फरकाचं चित्र उमटतं. आपल्याकडे सावलीशी काम नसतं. स्फटिकात अणूंचे थर ठरावीक अंतरावर रचलेले असतात आणि हे अंतर साधारण दोन-तीन अँगस्ट्रॉम असतं. (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर.) डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४००० ते ७००० अँगस्ट्रॉम, त्यामुळे त्याला हे थर जाणवतच नाहीत. तांब्याच्या ट्यूबमधून (म्हणजे जिच्यात इलेक्ट्रॉन तांब्यावर आपटून क्ष-किरण निघतात त्या नळीतून) निघणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र १.५४ अँगस्ट्रॉम आहे. थरांमधलं अंतर आणि तरंगलांबी एकाच मापाची असली, की वेगवेगळ्या थरांवरून विखुरलेले किरण काही नेमक्या कोनांत एकमेकांना बळ देतात आणि बाकीच्या दिशांना एकमेकांना खोडून काढतात. यालाच विवर्तन म्हणतात.

रॉन्टजेन यांना क्ष-किरण सापडले १८९५ मध्ये, पण ते लहरी आहेत की कण, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. १९१२ मध्ये म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या सांगण्यावरून फ्रीडरिश आणि क्निपिंग यांनी कॉपर सल्फेटच्या स्फटिकातून किरण सोडले आणि फोटोच्या काचेवर ठिपके उमटले. किरण लहरी आहेत आणि स्फटिकात अणू रांगेत आहेत, या दोन्ही गोष्टी एका झटक्यात सिद्ध झाल्या. त्या ठिपक्यांचा साधा हिशेब लॉरेन्स ब्रॅग या तरुणाने लावला. १९१५ चं नोबेल वडिलांसोबत मिळालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता.

म्हणजे स्क्रीनवर अणू दिसतात का?

नाही, आलेख दिसतो. आडव्या अक्षावर कोन (त्याला आम्ही टू-थीटा म्हणतो) आणि उभ्या अक्षावर त्या कोनात किती किरण आले ते. मधूनमधून टोकदार पीक, म्हणजे शिखरं, येतात. प्रत्येक पीक म्हणजे थरांमधलं एक अंतर.

घरच्या मिठाचं उदाहरण घ्या. सोडियम क्लोराइडच्या घनाची बाजू ५.६४ अँगस्ट्रॉम आहे आणि त्यातल्या एका महत्त्वाच्या थरांच्या जोडीतलं अंतर त्याच्या निम्मं, म्हणजे २.८२. ब्रॅगचा नियम सांगतो की अंतराची दुप्पट गुणिले कोनाचा साइन बरोबर तरंगलांबी. १.५४०६ भागिले ५.६४ म्हणजे ०.२७३. हा साइन १५.८५ अंशांचा आहे. त्याची दुप्पट ३१.७. मिठाचं सगळ्यात मोठं पीक ३१.७ अंशांवरच येतं, मग ते मीठ मुंबईचं असो की गुजरातचं. बारावीच्या मुलांना हा हिशेब कॅल्क्युलेटरवर स्वतः करू द्यावा, नुसता ऐकवू नये.

पीक कुठे आहे त्यावरून अंतर कळतं आणि किती उंच आहे त्यावरून त्या थरांत कोणते अणू कुठे बसलेत याचा अंदाज येतो. पिकाची रुंदी कणांचा आकार आणि स्फटिकातले ताण सांगते. बाकी सगळं या तीन गोष्टींमधून काढायचं असतं.

एक्सआरडी, एक्सआरएफ, एक्सपीएस, एक्झाफ्स... नेमकं काय करायला सांगू?

कामापुरतं सांगतो. अणूंची मांडणी हवी तर एक्सआरडी, म्हणजे वर सांगितलेलं क्ष-किरण विवर्तन. कोणतं मूलद्रव्य किती आहे एवढंच हवं तर एक्सआरएफ. वरच्या काही नॅनोमीटर थरात रासायनिक अवस्था काय आहे ते हवं तर एक्सपीएस. एकाच जातीच्या अणूभोवती शेजारी कोण आणि किती अंतरावर आहेत हे हवं, आणि पदार्थ काचेसारखा किंवा द्रव असला तरी चालायला हवं, तर एक्झाफ्स.

इतवारीतल्या सराफाकडे टंच काढायचं जे मशीन असतं ते एक्सआरएफच. दागिन्यात सोनं किती, तांबं किती, चांदी किती हे ते मिनिटभरात सांगतं. पण त्याला वरचे काही मायक्रॉनच दिसतात. जाड मुलामा असला तर आत काय आहे ते त्याला कळत नाही, म्हणून जाणकार सराफ शंका आली की वितळवूनच बघतो. आणि सोन्याचे अणू कसे रचलेत, हे ते मशीन सांगत नाही. सराफाला त्याचं घेणंदेणंही नाही.

रसायन एकच आणि रचना वेगळी, असं किती पदार्थांचं असतं ते लक्षात घेतलं तर फरक पटतो. टायटॅनियम डायऑक्साइड एक्सआरएफला एकच दिसतं. एक्सआरडीत त्याची दोन रूपं वेगळी दिसतात: ॲनाटेझचं मुख्य पीक २५.३ अंशांवर, रुटाइलचं २७.४ वर. प्रकाशउत्प्रेरक म्हणून काम करायचं असेल तर बहुतेकांना ॲनाटेझ हवं असतं, आणि भट्टीचं तापमान जास्त झालं की त्याचं रुटाइल होतं.

"सर, एक्सआरडी काढून द्या आणि यात काय काय आहे ते सांगा." एवढं पुरेल ना?

नाही पुरत. सगळ्यात जास्त येणारी मागणी हीच आणि सगळ्यात जास्त निराशाही हिच्यातूनच होते.

यंत्राला नावं माहीत नसतात, त्याला अंतरं कळतात. मिळालेली अंतरं लाखो नोंदींच्या यादीशी ताडून पाहायचं काम सॉफ्टवेअर करतं, आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ते बेधडक काहीही सुचवतं. कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेत एखादं दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचं संयुग "उत्तम जुळतं" म्हणून पहिल्या क्रमांकावर येऊ शकतं. म्हणून नमुन्यासोबत चार ओळी लिहून आणा: कुठून आणला, कोणती मूलद्रव्यं असण्याची शक्यता आहे, किती तापमानाला भाजला, आणि मुख्य म्हणजे कोणत्या दोन शक्यतांमध्ये निवड करायची आहे. "भट्टीनंतर ॲनाटेझ टिकलं की रुटाइल झालं?" हा प्रश्न झाला. "बघून सांगा" हा प्रश्न नव्हे. गाइडने सांगितलं म्हणून एक्सआरडी, हे कारणही पुरेसं नाही. गाइडला काय सिद्ध करायचंय ते आधी विचारून या.

आणखी एक. नमुन्यात एखादी गोष्ट टक्का-दीड टक्क्याहून कमी असेल तर प्रयोगशाळेतल्या साध्या यंत्रावर ती बहुधा दिसणार नाही. "एक्सआरडीत आलं नाही, म्हणजे नाहीच" असं लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत. असं लिहू नये.

मनसरकडचं मँगनीज आणलंय. आलेखात पीक बुटकी आणि बॅकग्राउंड डोंगराएवढं. नमुना खराब आहे का?

नमुना चांगला आहे, ट्यूब चुकीची आहे. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यात काम करणाऱ्यांनी हे एकदा नीट समजून घ्यावं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तांब्याच्या ट्यूबमधल्या किरणांची ऊर्जा ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. मँगनीजच्या सगळ्यात आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उपटायला ६.५४ लागते, लोखंडाला ७.११. म्हणजे आपण सोडलेले किरण दोघांच्याही इलेक्ट्रॉनना बाहेर काढतात आणि ते अणू स्वतःचे क्ष-किरण सगळ्या दिशांना फेकायला लागतात. हेच ते उंच बॅकग्राउंड. त्याशिवाय किरण वरच्याच काही मायक्रॉनमध्ये शोषले जातात, म्हणून भुकटी जाडीभरडी असेल तर प्रमाणांचा हिशेबही बिघडतो.

पुष्कळजण सांगतात, "कोबाल्टची ट्यूब लावा." कोबाल्टच्या किरणांची ऊर्जा ६.९३ आहे. ती लोखंडाच्या मर्यादेखाली येते, त्यामुळे हेमाटाइट-मॅग्नेटाइटवाल्यांचं काम होतं. पण मँगनीजच्या ६.५४ पेक्षा ती अजूनही वरच आहे! मँगनीजला खरं उत्तर लोखंडाची ट्यूब, ६.४० ची, ती फार थोड्या ठिकाणी असते. व्यवहारात आपण तांब्याचीच ट्यूब ठेवतो, डिटेक्टरसमोर मोनोक्रोमेटर (एकाच तरंगलांबीचे किरण पुढे सोडणारा स्फटिक) लावतो किंवा डिटेक्टरची ऊर्जेची खिडकी अरुंद करतो आणि स्कॅन सावकाश घेतो. यंत्रावर या सोयी आहेत का, ते नमुना देण्याआधी विचारा.

पीक नीट आली तरी पुढे एक अडचण असतेच. आपल्या भागातली दोन नेहमीची खनिजं, ब्राउनाइट आणि बिक्सबाइट, यांची सगळ्यात मोठी पीक जवळजवळ एकाच जागी, ३३ अंशांच्या आसपास येतात, कारण दोघांच्या रचना एकमेकींच्या नात्यातल्याच आहेत. निवाडा लहान पिकांवरून करावा लागतो. ब्राउनाइटमध्ये सिलिकॉन असतं, बिक्सबाइटमध्ये नसतं, म्हणून सोबत एक्सआरएफचा आकडा असला तर काम सोपं होतं. छिंदवाड्यातल्या सीतापार गावावरून भूशास्त्रज्ञ फर्मर यांनी एका खनिजाला 'सीतापाराइट' नाव दिलं होतं. तेव्हा विवर्तनाचा शोधही लागलेला नव्हता. ते म्हणजे बिक्सबाइटच, हे पुढे स्पष्ट झालं आणि गावाचं नाव खनिजांच्या यादीतून गेलं. शास्त्राच्या दृष्टीने ठीक झालं, पण वैदर्भीय माणसाला जरा चुटपुट लागते.

डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड आणि बॅटरीतलं मँगनीज डायऑक्साइड एकच ना?

सूत्र एकच, रचना वेगळी. निसर्गात मिळणाऱ्या पायरोलुसाइटमध्ये ऑक्सिजनच्या अष्टफलकांच्या साखळ्या अरुंद बोगदे करून बसतात आणि पीक टोकदार येतात. ड्राय सेलसाठी विजेच्या साहाय्याने बनवलेला प्रकार, म्हणजे ईएमडी, हा गॅमा जातीचा. त्यात अरुंद आणि जरा रुंद असे दोन्ही बोगदे कसेही मिसळलेले असतात, म्हणून त्याची पीक पसरट आणि मोजकीच दिसतात. विद्यार्थी ती बघून "स्फटिक नीट बनला नाही" म्हणतात. बॅटरीत हीच गडबड कामाची ठरते, कारण त्या बोगद्यांतून प्रोटॉन आत शिरतात.

मँगनीज आणि लोखंड एकाच खनिजात आहेत. कोण कुठे बसलंय ते कळेल का?

साध्या एक्सआरडीने कळणं कठीण. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. मँगनीजचे २५, लोखंडाचे २६, फरक नावापुरता. याच कारणाने हायड्रोजन आणि लिथियमही नीट दिसत नाहीत. इथे न्यूट्रॉन लागतात. ते अणुकेंद्रावरून विखुरतात आणि त्यांना मँगनीज व लोखंड अगदी वेगळे वाटतात, इतके की एकाची विखुरण्याची लांबी ऋण आणि दुसऱ्याची धन येते. आपल्या देशात त्यासाठी ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी आहे.

कोराडी-खापरखेड्याची राख आणलीय. क्वार्ट्झ आणि म्युलाइट मिळून १०० टक्के आले. बरोबर?

चूक. दगडी कोळशाच्या राखेत बहुधा सगळ्यात मोठा वाटा काचेचा असतो. काचेत अणूंना लांबपर्यंत शिस्त नसते, म्हणून पीक येत नाही. २० ते ३० अंशांच्या दरम्यान नुसता एक सपाट फुगवटा येतो. सॉफ्टवेअर स्फटिकांचाच हिशेब करतं आणि बेरीज १०० करून मोकळं होतं. काच धरायची असेल तर वजन करून ठाऊक असलेलं प्रमाण, समजा २० टक्के, शुद्ध कोरंडम (स्फटिकी ॲल्युमिनियम ऑक्साइड) मिसळा आणि रिटवेल्ड पद्धतीने, म्हणजे सगळा आलेख गणिताने जुळवून, हिशेब करा. कोरंडम २० ऐवजी जितकं जास्त भासेल त्यावरून काच किती ते निघतं. सिमेंटवाल्यांना हाच आकडा हवा असतो, कारण चुन्याशी काच अभिक्रिया करते. क्वार्ट्झ तसाच पडून राहतो.

क्वार्ट्झचं मोठं पीक २६.६ वर आणि म्युलाइटचं २६.२ च्या जवळ असतं. घाईच्या स्कॅनमध्ये दोन्ही एकमेकांत मिसळतात.

कापसावर एक्सआरडी होते?

होते. सेल्युलोजचे धागे अर्धेमुर्धे स्फटिकी असतात. मोठं पीक २२.७ अंशांच्या आसपास, दोन लहान १५-१६ च्या जवळ. १९५९ मध्ये सेगल आणि सहकाऱ्यांनी दिलेली सोपी रीत अजून चालते: मोठ्या पिकाच्या उंचीतून १८ अंशांजवळची उंची वजा करायची आणि पुन्हा मोठ्या उंचीने भागायचं. दोन नमुन्यांची तुलना करायला ही रीत बरी, पण तो आकडा म्हणजे खरी टक्केवारी असं समजू नका. कॉस्टिक सोड्यात मर्सराइज केलेल्या सुताचं सेल्युलोज दुसऱ्या रूपात जातं आणि २० अंशांजवळ नवं पीक येतं. ते लगेच ओळखू येतं.

नमुना किती आणि कसा आणू?

अर्धा ते एक ग्रॅम कोरडी भुकटी. त्याहून कमी असेल तर सिलिकॉनच्या खास प्लेटवर चिमूटभरही चालते. अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात अशी घोटा की बोटांमध्ये खरखर लागू नये. लोखंडी खलबत्त्यात कुटून आणू नका, लोखंडच दिसेल.

चिकणमाती, अभ्रक, ग्राफाइट यांचे कण पोह्यांसारखे चपटे असतात. प्लेटवर काचेने दाबले की सगळे आडवे पडतात. मग एकाच दिशेचे थर मोजले जातात आणि काही पीक उगाच उंच होतात. म्हणून भुकटी मागच्या बाजूने भरायची, वरून घासायची नाही.

शेरर सूत्राने कणाचा आकार २१ नॅनोमीटर आला. हेच लिहू?

हे सूत्र पिकाच्या रुंदीवरून आकार काढतं. हिशेब तपासू. झिंक ऑक्साइडचं पीक ३६.३ वर, रुंदी ०.४ अंश. रेडियनमध्ये ०.००७. तरंगलांबीला ०.९ ने गुणून, रुंदी गुणिले १८.१५ अंशांच्या कोसाइनने भागलं की २०९ अँगस्ट्रॉम, म्हणजे २१ नॅनोमीटर. आकडेमोड ठीक आहे.

पण यंत्राची स्वतःची रुंदी वजा केली का? सिलिकॉन किंवा लँथॅनम हेक्झाबोराइड असा प्रमाणित पदार्थ याच यंत्रावर मोजून ती काढावी लागते. ताणामुळेही पीक रुंदावतं. आणि हा आकार एकसंध स्फटिकाचा आहे, कणाचा नव्हे. एका कणात असे कित्येक स्फटिक असू शकतात. तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या फोटोशी जुळलाच पाहिजे असा हट्ट नको. शंभर-दीडशे नॅनोमीटरच्या पुढे तर साध्या यंत्रावर हे सूत्र वापरूच नका. "२१.३७ नॅनोमीटर" असं दशांश चिन्हासह लिहिलेलं दिसलं की परीक्षकाला पुढचा प्रश्न आयताच मिळतो.

इंदूरला सिंक्रोट्रॉन आहे म्हणतात. तिकडे कधी जायचं?

इथल्या यंत्राने प्रश्न सुटत नाही हे इथल्याच आलेखांवरून दाखवता येईल तेव्हा. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातलं इंडस-२ हे २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं सिंक्रोट्रॉन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने वर्तुळात फिरवून क्ष-किरण काढणारं यंत्र. तिथले किरण कितीतरी प्रखर असतात आणि ऊर्जा हवी तशी निवडता येते. निवडता येते म्हणूनच एक्झाफ्स शक्य होतं: ऊर्जा मँगनीजच्या ६.५४ च्या काठावरून हळूहळू वर न्यायची आणि शोषण कसं हेलकावतं ते बघायचं. काठ नेमका कुठे येतो त्यावरून मँगनीज दोन संयुजेचं, तीनचं की चारचं ते समजतं; हेलकाव्यांवरून पाच-सहा अँगस्ट्रॉमपर्यंतच्या शेजाऱ्यांची अंतरं निघतात. पावसाळी पाण्यातून मातीत उतरलेलं मँगनीज कोणत्या रूपात आहे, अशा प्रश्नाला हे साधन योग्य. त्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो आणि "नमुना बघायचा आहे" एवढ्यावर वेळ मिळत नाही.

नागपुरात ही कामं कुठे होतात?

व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत धातू आणि मटेरियलची, वाडीच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम केंद्रात बॉक्साइट-ॲल्युमिनाची. भारतीय खाण ब्युरो आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांची मोठी कार्यालयं शहरात असल्याने खनिजांबद्दल जाणकार सल्लाही इथेच मिळतो. बाहेरचे नमुने घेण्याचे नियम आणि दर प्रत्येकाचे वेगळे असतात, ते थेट विचारून घ्या.

उन्हाळ्यात यंत्र बंद का ठेवता?

ट्यूबमध्ये जाणाऱ्या विजेचा एखादा टक्काही क्ष-किरणांत जात नाही, बाकी सगळी उष्णता होते, आणि ती काढायला चिलर लागतो. बाहेर ४५-४६ अंश असताना चिलर दमतो. जुलैत उलटं होतं: पाणी फार थंड ठेवलं तर दमट हवेत ट्यूबवर दव धरतं आणि उच्च दाबाच्या विजेजवळ ते धोक्याचं. पावसाळ्यात नमुनेही ओलावा धरतात. ताजा चुना उघडा राहिला तर १८ आणि ३४.१ अंशांवर विरलेल्या चुन्याची पीक येणारच. नमुना डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यातून) आणा, डब्बीत सिलिका जेल टाका.

किरणांचा धोका किती? नमुना किरणोत्सारी होतो का?

होत नाही. ट्यूब बंद केली की किरण संपले, नमुना खुशाल हातात घ्या. यंत्राचा दरवाजा उघडला की शटर आपोआप बंद होतं. या सुरक्षा-कुलपाशी कोणी खेळ केलेला दिसला तर तिथे काम करू नका, कारण ट्यूबजवळचा बारीक झोत बोट भाजू शकतो. यंत्रं अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली येतात. ट्यूबच्या बेरिलियमच्या खिडकीला हात लावू नका; किरण नसले तरी तो धातू विषारी आहे.

निकाल म्हणून काय मागून घेऊ?

आलेखाच्या चित्रावर भागवू नका. कोन आणि मोजणी अशा दोन रकान्यांची साधी टेक्स्ट फाइल घ्या. सोबत यंत्राची मूळ फाइलही. ट्यूब कोणत्या धातूची, व्होल्टेज आणि करंट किती, पायरी किती अंशांची, प्रत्येक पायरीला किती वेळ, हे लिहून घ्या. प्रोफेक्स, जीएसएएस-टू, फुलप्रॉफ ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, पुढचं विश्लेषण घरी बसून करता येतं. उरलेली भुकटी नाव-तारीख लिहून जपून ठेवा. समीक्षकाने सहा महिन्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं, तर मोजायला तोच नमुना हवा.